आधी पायवाटा, मग इमारती: नवा सांस्कृतिक परिसर आखताना माणसांच्या ये-जा करण्याचं नियोजन कसं करावं

बंद पडलेली गिरणी, जुनं बाजार आवार, गावाबाहेर हललेल्या एसटी डेपोची जागा. अशी आठ-दहा एकर जमीन हाती येते आणि तिथे नाट्यगृह, कलादालन, वाचनालय, दुकानं, थोडी कार्यालयं, थोडी घरं असा मिश्र वापराचा परिसर करायचं ठरतं. पहिल्या बैठकीत बोलणं होतं ते नाट्यगृह किती आसनांचं आणि प्रवेशाची कमान कशी यावर. माणसं येणार कुठून, चालणार कशी, टेकणार कुठे, अचानक पाऊस आला तर उभी राहणार कुठे, हे प्रश्न शेवटच्या बैठकीत ‘लँडस्केप’ या एका शब्दात गुंडाळले जातात. तोवर पैसेही संपत आलेले असतात. हा क्रम उलटा केला तरच परिसर जिवंत राहतो. नगरपालिकेतले अभियंते, आर्किटेक्ट, विश्वस्त, नगरसेवक, कुणीही असा परिसर आखत असेल त्यांच्यासाठी कामाचा क्रम इथे मांडतो आहे.

सुरुवातीलाच कागदाच्या कोपऱ्यात दोन दिवस लिहून ठेवा. एक, वर्षातली सगळ्यात गर्दीची संध्याकाळ. दुसरा, जुलैतल्या मंगळवारची दुपार. गर्दीच्या दिवशी कुणाला इजा होता कामा नये आणि मंगळवारी जागा ओस पडता कामा नये. प्रत्येक रेघ या दोन्ही दिवसांवर तपासून पाहा.

पहिली पायरी: मोजणी हद्दीच्या बाहेरून सुरू करा

आराखड्याची सुरुवात कुंपणापासून करू नका. जवळचं रेल्वे स्टेशन, बसथांबा, रिक्षा स्टँड, शाळा, भाजी मंडई अशी ठिकाणं नकाशावर लावा आणि तिथून तुमच्या जमिनीपर्यंत स्वतः चालत या. एकदा भर दुपारी, एकदा रात्री दहाला, एकदा पावसात. सोबत गुडघे दुखणारं एखादं वडीलधारं माणूस असेल तर उत्तम. पदपथ कुठे तुटतो, रस्ता ओलांडायला किती वेळ थांबावं लागतं, दिवा कुठे नाही, हे एका फेरीत कळतं.

याचं महत्त्व किती, ते गिरणगावाने फार मोठी किंमत देऊन शिकवलं. मुंबईतल्या 58 गिरण्यांची मिळून सुमारे 600 एकर जमीन. 1982 च्या संपानंतर ती हळूहळू मोकळी होत गेली. सगळ्या गिरण्यांच्या जमिनींचा एकत्र विचार करून आखणी व्हावी, अशी दिशा आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने 1996 मध्ये दाखवली होती. प्रत्यक्षात एकेक भूखंड सुटा सुटा विकसित झाला. हजारो माणसं रोज नव्या कार्यालयांत येऊ लागली, पण ती उतरत होती त्या एल्फिन्स्टन रोड (आताचं प्रभादेवी) स्टेशनचा पूल जुनाच राहिला. 29 सप्टेंबर 2017 च्या सकाळी जोराची सर आली. लोक भिजायला नको म्हणून पुलावर आणि जिन्यात थांबले, मागून गाड्यांमधून माणसं येतच राहिली, आणि चेंगराचेंगरीत 23 जणांचा जीव गेला. नंतर लष्कराच्या मदतीने नवा पूल उभा राहिला आणि 2018 च्या फेब्रुवारीत खुला झाला.

या घटनेतून आराखड्यासाठी दोन गोष्टी घ्या. तुमच्या जमिनीवर वाढणारी माणसं शेजारच्या पुलावर, जिन्यावर आणि चौकात किती भर घालतील याचा हिशेब तुमच्याच प्रकल्पात मांडा आणि रेल्वे, महापालिका, परिवहन या तिघांना पहिल्या महिन्यातच एका टेबलाशी बसवा. दुसरं, जिथे जिना किंवा दार संपतं तिथेच छप्पर संपवू नका. ते पुढे निदान आठ-दहा मीटर न्या आणि वाटेच्या बाजूला, वाट न अडवता उभं राहता येईल अशी जागा ठेवा. पाऊस आला की माणूस थांबणारच. त्याने कुठे थांबायचं, हे तुम्ही आधी ठरवायचं.

मोजणीसाठी महागडी यंत्रणा लागत नाही. आसपासच्या आर्किटेक्चर किंवा समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना सोबत घ्या. प्रत्येक वाटेवर दर तासातली 15 मिनिटं येणारे-जाणारे मोजा आणि चौपट करा. मंगळवार, शनिवार, एक पावसाचा दिवस, एक सणाचा दिवस एवढं पुरतं. आकड्यासोबत बायका किती, मुलं किती, म्हातारी माणसं किती, सायकली आणि हातगाड्या किती, हेही लिहा. दर तासाला नकाशावर थांबलेली, बसलेली, गप्पा मारणारी माणसं ठिपक्यांनी दाखवा. चालणाऱ्यांची मोजणी वाटेची रुंदी ठरवते आणि ठिपके कट्ट्याची जागा ठरवतात.

दुसरी पायरी: चोवीस तासांचा तक्ता

मोठ्या कागदावर 24 रकाने आखा. डावीकडे तुम्ही आणू पाहता ते सगळे वापर लिहा आणि कोणता वापर कोणत्या तासाला माणसं आणतो ते रंगवा. नाट्यगृह, कलादालन, उपाहारगृह हे तिन्ही संध्याकाळी पाच ते दहाच्या रकान्यांत गर्दी करतात आणि सकाळ ते दुपार पांढरी राहते. बहुतेक परिसर या पांढऱ्या पट्ट्यातच मरतात. दुकानदार सहा महिने भाडं भरतो, दुपारचं गिऱ्हाईक नाही म्हणून गाळा सोडतो, शटर खाली जातं, मग संध्याकाळीही तो कोपरा अंधारा वाटू लागतो.

दुपार भरायला आपल्याकडे एक खात्रीचा उपाय आहे: अभ्यासिका. पुण्यातल्या पेठांमध्ये स्पर्धा परीक्षांची मुलं सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत अभ्यासिकेत असतात. दर दोन तासांनी चहाला बाहेर पडतात, दुपारी डबा खायला सावली शोधतात. दीडशे खुर्च्यांची स्वस्त अभ्यासिका मंगळवारी दुपारी जेवढी वर्दळ आणते, तेवढी भव्य प्रदर्शन आणू शकत नाही. दुसरा उपाय तालमीच्या खोल्यांचा. ऑगस्टमध्ये पुरुषोत्तम करंडक या महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या फेऱ्या असतात, म्हणजे त्याआधीचे कित्येक आठवडे कॉलेजची मुलं जागेसाठी वणवण फिरतात. पार्किंगमध्ये, गच्चीवर, मिळेल तिथे तालीम करतात. तासाला परवडेल अशा भाड्याच्या चार खोल्या बांधा. पावसाळ्यातला मंगळवार त्या भरतील, आणि पुढे हीच मुलं तुमच्या नाट्यगृहाचे प्रेक्षक होतील, काही जण रंगमंचावरही येतील.

कोण आधी येणार, हा क्रमही या तक्त्यावरच ठरवा. लंडनच्या किंग्ज क्रॉस भागात रेल्वेच्या जुन्या मालधक्क्याच्या 67 एकरांवर नवा परिसर उभा राहिला. तिथे 1852 च्या धान्यकोठाराच्या इमारतीत 2011 मध्ये सेंट्रल सेंट मार्टिन्स हे कला महाविद्यालय आलं. 2012 मध्ये समोरचा चौक खुला झाला, त्यात हजारावर कारंजी जमिनीतून उसळतात आणि पोरं त्यांत भिजतात. कोळशाच्या जुन्या गोदामांतली दुकानं उघडली ती 2018 मध्ये. म्हणजे रोज येणारी मुलं आधी, खेळायची जागा मग, आणि खरेदी सगळ्यात शेवटी. आपल्याकडे आधी गाळ्यांचा लिलाव होतो. निधीची निकड मला समजते, पण रोजची वर्दळ नसताना विकलेला गाळा कमी भावात जातो आणि मालक तो बंद ठेवतो, हेही हिशेबात धरायला हवं.

तिसरी पायरी: वाटांची रुंदी

मोजणीत दिसलेल्या सरळ वाटा आधी आखा. भाजी मंडईतून स्टेशनकडे जाणारा माणूस तुमच्या जमिनीतून कोपरा कापून जात असेल तर ती वाट बंद करू नका. तो तुमचा पहिला आणि फुकट मिळालेला पाहुणा आहे. तीच मुख्य वाट ठरवा आणि कलादालनाची काच, पुस्तकाचं दुकान, तालमीच्या खोलीची खिडकी तिच्यावर उघडा. भाजीची पिशवी घेतलेली बाई चालता चालता आतली तालीम बघते, दोन मिनिटं थांबते. तिला तिकीट काढून आत आणायची पहिली पायरी तीच.

रुंदीचं गणित अवघड नाही. सपाट वाटेच्या एक मीटर रुंदीतून मिनिटाला जास्तीत जास्त 82 आणि जिन्यावरून 66 माणसं जाऊ शकतात, असं स्टेडियमच्या सुरक्षेसाठी वापरलं जाणारं माप आहे. पण ती खांद्याला खांदा लागून चाललेली गर्दी. गप्पा मारत, लहान मुलाचा हात धरून चालायचं तर मिनिटाला 33 माणसं धरा. आता 800 आसनांचं नाट्यगृह घ्या. प्रयोग संपल्यावर दहा मिनिटांत सगळे बाहेर यावेत असं वाटत असेल तर मिनिटाला 80 माणसं. 80 भागिले 33, म्हणजे जवळजवळ अडीच मीटर. आपल्या प्रेक्षागृहात ज्येष्ठ प्रेक्षक बरेच असतात, म्हणून तीन धरा. भिंतीला आणि कठड्याला कुणी घासून चालत नाही, त्यासाठी दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मीटर. मोकळी वाट झाली चार मीटर. यात कुंडी, फलक, दुचाकी, पॉपकॉर्नचं मशीन काहीही येता कामा नये. शेजारच्या सभागृहातला तीनशे माणसांचा कार्यक्रमही त्याच वेळी सुटत असेल तर वाट रुंद करण्याआधी वेळा बदला. वीस मिनिटांचा फरक काँक्रीटपेक्षा स्वस्त पडतो.

आगीच्या वेळी बाहेर पडण्याचं गणित वेगळं आहे. ते राष्ट्रीय इमारत संहिता 2016 प्रमाणे आणि अग्निशमन दलासोबत बसूनच करा.

बाहेरच्या पदपथासाठी रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसचं किमान माप 1.8 मीटर आहे, तेही पूर्ण मोकळं. दुकानांसमोर यापेक्षा बरंच जास्त लागतं. पदपथाची उंची 15 सेंटीमीटरपेक्षा जास्त नको. उंच पदपथावर चढायला माणूस कंटाळतो आणि रस्त्यावरूनच चालतो. उताराचं प्रमाण 1:12 (एक मीटर उंचीला बारा मीटर लांबी) किंवा त्याहून सौम्य ठेवा. पॉलिश केलेला ग्रॅनाइट पावसाच्या पहिल्या सरीत निसरडा होतो. खरबरीत बेसॉल्ट किंवा टाकी मारलेली शहाबादी फरशी बसवा. गटारावरच्या जाळ्यांच्या फटीत काठीचं टोक अडकत नाही ना, ते स्वतः काठी घेऊन बघा.

चौथी पायरी: टेकायला जागा

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या, अशी माझी विनंती आहे. मराठी माणसाला सार्वजनिक जागेत बसण्यासाठी नवी कल्पना शिकवायला नको. वडापिंपळाभोवतीचा पार, घराचा ओटा, गावाची चावडी, चाळीचा जिना, हे सगळं आपल्याच अंगवळणी आहे. दादरच्या शिवाजी पार्कचा कट्टा बघा. मैदानाला वेढणारा सव्वा किलोमीटरच्या आसपासचा एक साधा बुटका बांध. सकाळी चालून दमलेले निवृत्त लोक, दुपारी डबा खाणारे सेल्समन, संध्याकाळी क्रिकेट बघणारे आजोबा, अंधार पडल्यावर जोडपी. एकाच दगडी कडेवर दिवसभरात पाच पिढ्या बसून जातात आणि कुणी कुणाला उठ म्हणत नाही. तिथे कुणी काही विकत घ्यावं अशी अट नाही, हे त्याचं बळ आहे.

1970 च्या दशकात शहरांचे अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी न्यूयॉर्कच्या चौकांवर कॅमेरे लावून निरीक्षण केलं, तेव्हा निष्कर्ष असाच निघाला: जिथे बसायला जागा असते तिथे माणसं बसतात. त्यावरून त्या शहराने चौकाच्या दर 30 चौरस फुटांमागे एक फूट लांबीची बैठक असा नियम 1975 मध्ये केला. आपल्या मापात साधारण दर नऊ चौरस मीटरला एक मीटर. दीड हजार चौरस मीटरचा चौक असेल तर सुमारे 165 मीटर कट्टा हवा. एवढे बाक आणायची गरज नाही. झाडाचा पार, पायऱ्या, खिडकीचा ओटा, वाफ्याची कड, या सगळ्यांची उंची 40 ते 45 सेंटीमीटर ठेवली की त्याच बैठका होतात. दोन्ही बाजूंनी बसता यावं असं वाटत असेल तर रुंदी 75 सेंटीमीटरच्या वर न्या. यातला निदान चौथा भाग पाठ आणि हात असलेल्या बाकांचा हवा, कारण म्हाताऱ्या माणसाला बसता येतं, उठायला आधार लागतो.

एका नव्या नाट्यगृहाबाहेर प्रयोग सुटताना मी उभा होतो. ठिकाणाचं नाव घेत नाही. मुलगा गाडी आणायला गेला होता, आजी एकट्या होत्या. पंधरा मिनिटं त्या एका मोठ्या कुंडीच्या कडेला टेकून, चपलेतून एक पाय काढून उभ्या होत्या. कुंडीची कड निमुळती होती, मुद्दाम तशी केलेली, कुणी बसू नये म्हणून. माझ्या मते बसू न देण्यासाठी केलेलं प्रत्येक टोक, प्रत्येक गज आराखड्यातून काढून टाकायला हवा.

सावलीशिवाय कट्टा म्हणजे तापलेला तवा. विदर्भात पारा 45 अंशांवर जातो, तिथे चौकाच्या पश्चिमेला उंच दाट झाडं किंवा इमारतीची सावली हवीच. जागेवर आधीपासून असलेली झाडं नकाशावर पहिल्या दिवशी नोंदवा आणि इमारतींची जागा त्यांच्याभोवती ठरवा. झाड तोडण्यासाठी 1975 च्या महाराष्ट्र वृक्ष अधिनियमाखाली परवानगी लागते, पण परवानगी मिळते म्हणून तोडू नका. वीस वर्षांचं करंज विकत मिळत नाही. नवी लावायची तर करंज, बकुळ, कडुनिंब लावा. पावसासाठी इमारतींच्या तळमजल्याला सलग कमानींची ओसरी द्या. मुंबईच्या दादाभाई नौरोजी मार्गावर 19 व्या शतकाच्या अखेरीस आखलेल्या कमानींखालून आजही भर पावसात कोरडं चालता येतं.

जागा खरोखर चांगली झाली की नाही, हे ओळखायची माझी एक खूण आहे. रात्री साडेनऊला तिथे एकट्या बसलेल्या बायका किती दिसतात ते मोजा. आकडा शून्य असेल तर दिवे, नजरेचे अडथळे, बंद शटर आणि शौचालयाची वाट पुन्हा तपासा.

पाचवी पायरी: फेरीवाले आराखड्यातच हवेत

चहा, भेळ, मक्याचं कणीस, गजरे विकणारे तुमच्या आधी तिथे असतील किंवा उद्घाटनानंतर आठ दिवसांत येतील. त्यांना हाकलायला सुरक्षारक्षक नेमणं हा पराभव आहे. पथविक्रेता कायदा 2014 प्रमाणे शहर फेरीवाला समिती असते आणि तिच्यात निदान 40 टक्के सदस्य स्वतः फेरीवाले असतात. त्यांच्याशी बोलून जागा आखा: मुख्य वाटेच्या बाजूला, पण दिसेल अशा ठिकाणी. प्रत्येक जागेजवळ पाण्याचा नळ, विजेचा प्लग, सांडपाण्याचं तोंड आणि कचऱ्याचे दोन डबे. गाडीसमोर गिऱ्हाईक उभं राहतं, त्यासाठी वाट सोडून दीड मीटर धरा. नाटकाच्या मध्यंतरातल्या बटाटेवड्याची रांग आणि बायकांच्या शौचालयाची रांग एकाच बोळात आली की पंधरा मिनिटं कुणालाच पुरत नाहीत. दोन्ही विरुद्ध टोकांना ठेवा, आणि बायकांची शौचकूपं पुरुषांच्या दुप्पट तरी बांधा.

सहावी पायरी: बांधण्याआधी करून बघा

खडू, दोरी, बांबू, भाड्याच्या खुर्च्या आणि एक शनिवार-रविवार एवढंच भांडवल लागतं. पुण्यात 11 डिसेंबरला पादचारी दिनी लक्ष्मी रस्त्याचा एक पट्टा वाहनांना बंद करून चालणाऱ्यांना मोकळा करतात. एरवी गाड्यांतून वाट काढणारे लोक त्या दिवशी रस्त्याच्या मधोमध उभं राहून बोलतात, मुलं खेळतात. मुंबईत 1998 मध्ये स्थापन झालेल्या काळा घोडा असोसिएशनने 1999 पासून कला महोत्सव भरवला, त्या दिवसांत रॅम्पार्ट रो या रस्त्यावर गाड्यांची जागा माणसांनी घेतली. म्युझियम, जहांगीर कलादालन, डेव्हिड ससून वाचनालय हे सगळं तिथे कित्येक दशकं होतंच. मधला रस्ता चालता झाला तेव्हा त्यांचा मिळून एक परिसर आहे हे लोकांच्या पायांना कळलं.

तुमच्या जमिनीवरही कुंपण पडण्याआधी दोन-तीन बाजार, एक एकांकिका, एक सकाळचं गाणं करा. खुर्च्या हलत्या ठेवा आणि संध्याकाळी त्या कुठे सरकल्या याचा फोटो घ्या. लोकांनी सावलीत, वाटेकडे तोंड करून जिथे ओढून नेल्या तिथेच कायमचा कट्टा बांधा.

सातवी पायरी: गर्दीची संध्याकाळ

चौकाची क्षमता आधीच ठरवून फलकावर लिहा. दीड हजार चौरस मीटरमधून रंगमंच, गाड्या, झाडं आणि मोकळ्या ठेवायच्या वाटा वजा केल्या की साधारण 900 चौरस मीटर उरतात. चौरस मीटरला दोन माणसं धरली तर 1,800. चौरस मीटरला चारपेक्षा जास्त माणसं झाली की हालचाल अडू लागते. सात माणसांच्या आसपास कुणाचंही स्वतःच्या पायांवर नियंत्रण राहत नाही आणि गर्दी पाण्यासारखी एकत्र हेलकावते. म्हणून 1,500 झाले की बाहेरच्या चौकातच लोकांना थांबवायचं, हे पोलीस आणि स्वयंसेवकांना आधी सांगून ठेवा. आत जायची आणि बाहेर पडायची वाट वेगळी ठेवा. समोरासमोर येणारे दोन प्रवाह एका जिन्यावर कधीही आणू नका. रुग्णवाहिकेची चार मीटरची वाट दोरीने नाही, माणसं उभी करून राखा. माईकवरून मराठीत आणि हिंदीत काय बोलायचं, ती चार वाक्यं आदल्या दिवशी लिहून निवेदकाच्या हाती द्या.

पार्किंग परिसराच्या कडेला, तीन-चारशे मीटरवर ठेवा आणि त्याची वाट दुकानांवरून न्या. ज्येष्ठ आणि अपंग प्रेक्षकांना उतरवण्याची जागा मात्र दाराशीच, छपराखाली.

उद्घाटनानंतर

आखणीच्या सुरुवातीला केलेली मोजणी तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी आणि वर्षाने त्याच वाटांवर, त्याच वारी पुन्हा करा. झाडू कोण मारणार, दिवा गेला तर कोण बदलणार, शौचालयाला रात्री दहापर्यंत पाणी कोण बघणार, हे नावानिशी करारात लिहा. महोत्सव किंवा भाड्यातून पैसे उरले तर त्यातला ठराविक हिस्सा याच परिसराच्या देखभालीला बांधून ठेवा. काळा घोड्याच्या महोत्सवातून उभा राहिलेला निधी आसपासच्या जुन्या वास्तूंच्या जतनासाठी वापरला गेला, तसा.

आणि बांधकामाच्या अंदाजपत्रकातली थोडी रक्कम, माझ्या मते निदान पाच टक्के, उद्घाटनाच्या दिवशी शिल्लक हवी. कुठला कट्टा उन्हात येतो, कुठली वाट अरुंद पडली, कुठे चिखल साचतो, हे पहिल्या पावसाळ्यातच समजेल. त्या दुरुस्त्या ऑक्टोबरमध्ये करायला तेव्हा हाताशी पैसा लागेल.